आवड आणि अधिकार

ज्याच्यावर आपण प्रेम करतों त्याच्यावर आपला कांहीं अधिकार असतो कीं काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका चर्चिला गेला आहे त्यापेक्षां किती तरी अधिक संसारांत चर्चिला जातो. आईबाप मुलांवर, पति पत्नीवर, गुरु शिष्यावर प्रेमाच्या आधारानें हक्क सांगतात, आणि त्या हक्काची मर्यादा कोठें संपते हें ठरविण्यांतच घरोघरचे बहुतेक कलह खर्चीं पडतात. परंतु या सर्व नात्यांत दोन्ही बाजूंचीं माणसें एकमेकांस ओळखतात. एकानें दुसऱ्यासाठीं कांहीं केलेलें असतें, कांहीं सोसलेलें असतें. जेथें लाखों माणसें एका माणसावर जीव टाकतात आणि त्या माणसास त्यांतल्या एकाचेंही नांव ठाऊक नसतें, तेथें हा प्रश्न अगदीं निराळें रूप धारण करतो. कलावंत आणि त्याचा चाहता यांचें नातें हें अशा प्रकारचें आहे. या नात्यांत चाहत्याच्या वांट्यास कोणता अधिकार येतो आणि कोणता येत नाहीं, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे; आणि त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें दक्षिण कोरियांतील तरुण गायकवृंदांचें, ज्यांच्या संगीतास आज सारें जग 'के-पॉप' या नांवानें ओळखतें.

हा विषय पोरकट आहे, प्रौढांच्या मासिकांत त्याला स्थान कशाला, असें कांहीं वाचकांस वाटणें शक्य आहे. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, त्यांनीं आपल्याच घरांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या खोलीची भिंत एकदां नीट पाहावी. तेथें कदाचित् सात कोरियन तरुणांचें चित्र लावलेलें आढळेल, आणि त्या सातांचीं नांवें, वाढदिवस, स्वभाव व आवडीनिवडी तिला आपल्या चुलतभावंडांच्या नांवगांवांपेक्षां अधिक बिनचूक पाठ असल्याचें दिसून येईल. बी. टी. एस. या जगद्विख्यात वृंदाची मालक कंपनी जी हाइब, तिनें तर २०२५ सालीं मुंबईंत आपलें कार्यालय थाटलें. शिवाय, लहान मुलांच्या खेळांत जसा मोठ्यांचा संसार उघडा दिसतो, तशा या तरुणांच्या वादांत प्रेम, मालकी, निष्ठा आणि न्याय यांविषयींच्या आपणां सर्वांच्याच कल्पना उघड्या पडलेल्या दिसतात.

प्रथम थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९९२ सालीं 'सो ताइजी अँड बॉइज' या त्रयीनें कोरियन भाषेंत रॅप आणि नृत्य यांची सांगड घालून तेथील तरुण पिढीस वेड लावलें. १९९६ च्या आरंभीं ती त्रयी विसर्जित झाली. आणि त्याच वर्षीं ली सू-मान यांच्या एस. एम. एंटरटेनमेंट या कंपनीनें 'एच. ओ. टी.' हा पांच मुलांचा वृंद लोकांपुढें आणला. येथून पुढें गायक सांपडण्याची वाट न पाहतां गायक घडविण्याची पद्धत रूढ झाली. कोवळ्या वयाच्या मुलामुलींची परीक्षा घेऊन निवड करावयाची, त्यांना कित्येक वर्षें गाणें, नाच, परभाषा आणि लोकांसमोर वागण्याबोलण्याची रीत शिकवावयाची, आणि मग त्यांतल्या चार, सात किंवा नऊ जणांना एकत्र गुंफून एक वृंद म्हणून उभें करावयाचें, असा हा क्रम आहे. शिकणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या नशिबीं तें 'पदार्पण' येतच नाहीं. ज्यांच्या येतें त्यांस 'आयडॉल' म्हणतात. या शब्दाकडे आम्ही पुढें वळणार आहों.

चाहत्यांचीही अशीच घडण होत गेली. एच. ओ. टी.चे चाहते पांढरे फुगे घेऊन येत, त्यांचे प्रतिस्पर्धी जे 'जेक्स किस', त्यांचे चाहते पिवळे. रंगावरून सैन्य ओळखावें तशी प्रेक्षागृहांत स्थिति होती. पुढें फुग्यांच्या जागीं हातांत धरावयाचे विजेचे दिवे आले, आणि प्रत्येक वृंदाचा दिवा निराळ्या आकाराचा झाला. प्रत्येक चाहतेसंघास नांव असतें. टी. व्ही. एक्स. क्यू. या वृंदाच्या संघाचें नांव 'कॅसिओपिया', म्हणजे आपण ज्याला शर्मिष्ठा म्हणतों तो तारकापुंज, बी. टी. एस.चे चाहते स्वतःस 'आर्मी' म्हणजे सेना म्हणवितात. कोरियन चाहत्यांच्या बोलींत कलावंतास दिलेल्या भेटीस 'जोगोंग' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ मांडलिकानें सम्राटास द्यावयाची खंडणी. सर्वांनीं एकाच वेळीं एकच गाणें ऐकून त्याचा क्रमांक वर चढविण्याच्या मोहिमेस 'छोंगगोंग' म्हणजे सर्वंकष चढाई असें नांव आहे. भक्ति, राजनिष्ठा आणि युद्ध या तिहींची भाषा येथें एकत्र नांदते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां हे चाहते आपसांत रात्रंदिवस वाद घालतात ते कशाविषयीं? आमच्या मतें या वादांचे तीन प्रकार पडतात, आणि या तिहींची गल्लत झाल्यामुळेंच सारा घोंटाळा उत्पन्न होतो.

पहिला प्रकार कलेविषयींच्या वादांचा. कोणाचा स्वर स्वतःचा आणि कोणाचा यंत्रानें सावरलेला. नाचतांना प्रत्यक्ष गातात कीं ध्वनिमुद्रणावर ओठ हलवितात. गाण्यांतल्या ओळींची वांटणी न्यायानें झाली आहे कीं एखादीला चार शब्दांवर गप्प बसविलें आहे. मध्यभागीं उभें राहण्याचा मान कोणास असावा. ज्या गीतावर सभासदाचें नांव आहे त्यांत त्याचा हात कितपत आहे. जुनी शैली टाकून वृंदानें इंग्रजी गाणीं म्हणूं लागणें ही प्रगति कीं अधोगति. कोणाच्या वांट्यास किती सेकंद आले हें घड्याळ लावून मोजणारे लोक या जगांत आहेत. याला हंसणाऱ्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, आपण ज्याला रसिकता म्हणतों तिचा हा प्रारंभच आहे. ज्याला आवडतें त्यानें तें कां आवडतें हें सांगण्याचा प्रयत्न करावा, दुसऱ्याचें म्हणणें खोडावें, आणि तसें करतांना अधिक बारकाईनें पाहावयास व ऐकावयास शिकावें, हाच अभिरुचीच्या वाढीचा मार्ग आहे. गाणें लोकांपुढें ठेवलें म्हणजे तें लोकांचें झालें. त्याची स्तुति करण्याचा, त्यास नांवें ठेवण्याचा, किंवा तें मुळींच न ऐकण्याचा प्रत्येकास पूर्ण अधिकार आहे. या बाबतींत चाहत्यास आम्ही कसलीही मर्यादा घालूं इच्छीत नाहीं. भाषा सभ्य असावी, इतकेंच.

दुसरा प्रकार न्यायाविषयींच्या वादांचा, आणि त्यांत चाहत्यांनीं पुष्कळदां मोठें काम केलें आहे. २००९ सालीं टी. व्ही. एक्स. क्यू.च्या पांच सभासदांपैकीं तिघांनीं आपला तेरा वर्षांचा करार अन्याय्य असल्याचें सांगून न्यायालयांत धांव घेतली, तेव्हां त्यांच्या बाजूनें चाहत्यांनीं लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत न्यायालयानें बऱ्याच अंशीं त्या तिघांच्या बाजूनें कौल दिला. कराराची मुदत साधारणपणें सात वर्षांहून अधिक नसावी असा नमुना त्या देशाच्या व्यापारविषयक आयोगानेंही त्याच सालीं घालून दिला. दुसरें उदाहरण २०१९ चें. 'प्रोड्यूस' या नांवाच्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेंत प्रेक्षकांनीं पैसे भरून मतें द्यावयाचीं आणि त्या मतांवरून नवा वृंद निवडला जावयाचा, अशी योजना होती. अंतिम निकालांत निरनिराळ्या क्रमांकांमधील मतांचे फरक पुन्हां पुन्हां तेच येत आहेत ही विसंगति चाहत्यांच्याच नजरेस आली. त्यांनीं तक्रार केली, चौकशी झाली, निकाल अगोदरच ठरविलेला होता हें शाबीत झालें, आणि २०२० सालीं प्रमुख निर्मात्यास दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ज्यांच्या मतांची चोरी झाली त्यांनीं चोर पकडला, असा हा प्रकार आहे. त्याच २०१९ सालीं कांहीं गायकांवर स्त्रियांवरील गंभीर अत्याचारांचे आरोप आले आणि ते न्यायालयांत सिद्ध झाले. अशा माणसांना पुन्हां रंगमंचावर आणूं नये असें चाहत्यांनीं म्हटलें, त्यांतही त्यांचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. जेथें दुसऱ्याची हानि होते तेथें खाजगीपणाचा पडदा टिकत नाहीं.

न्यायाच्या वादाचा आणखी एक मासला सांगण्यासारखा आहे, कारण त्यांत केवळ चाहतेच नव्हेत तर सारें राष्ट्रच पक्षकार झालें होतें. दक्षिण कोरियांत धडधाकट तरुणांस लष्करी सेवा सक्तीची आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या शास्त्रीय वादकांना आणि ऑलिंपिकचें पदक मिळविणाऱ्या खेळाडूंना तींत सवलत मिळते. लोकप्रिय संगीत गाणाऱ्यास मिळत नाहीं. २०२० सालीं बी. टी. एस.चें 'डायनामाइट' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें, आणि ज्यांनीं देशाचें नांव एवढें उजळलें त्यांना ही सवलत कां नसावी, असा वाद पेटला. पियानोवर परक्यांचें संगीत वाजविणारा देशसेवा करतो, आणि कोरियन गीत जगभर पोहोंचविणारा करीत नाहीं काय? प्रश्न बिनतोड होता. पण गरिबाच्या मुलानें बंदूक उचलावी आणि कीर्तिवंतानें नाहीं, हें न्याय्य कसें, हा उलट प्रश्नही तितकाच बिनतोड होता. २०२० च्या डिसेंबरांत कायदा बदलून वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मुदत वाढविण्याची सोय झाली. वाद मात्र चालूच राहिला, आणि तो चालू असतांनाच २०२२ च्या ऑक्टोबरांत, सर्व सभासद सेवा बजावणार असल्याचें जाहीर झालें. जून २०२५ पर्यंत सातही जण सेवा संपवून परतले. हा वाद घालण्याचा हक्क सर्वांस होता, कारण कायदा सर्वांचा असतो. परंतु या सात तरुणांच्या आयुष्यांतील दीड-दोन वर्षें कोणीं कोणाच्या गौरवासाठीं खर्चावींत याची चर्चा मंत्री, वृत्तपत्रें आणि चाहते वर्षानुवर्षें करीत होते, आणि ज्यांचीं तीं वर्षें होतीं त्यांचाच शब्द त्या कोलाहलांत सर्वांत कमी ऐकूं येत होता, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

येथून आपण तिसऱ्या प्रकाराकडे येतों, आणि आमचा मुख्य मुद्दा येथेंच आहे. हा वाद कलेचा नाहीं, न्यायाचाही नाहीं. तो त्या माणसाच्या खाजगी आयुष्याविषयींचा आहे. २०१८ सालीं ह्युना नांवाची गायिका आणि तिच्याच कंपनींतील एक गायक यांनीं परस्परांवर प्रेम असल्याचें कबूल केलें, आणि थोड्याच दिवसांत दोघांसही कंपनींतून बाहेर पडावें लागलें. २०२० च्या जानेवारींत 'एक्सो' वृंदांतील चेन यानें आपला विवाह जाहीर केला, तेव्हां कांहीं चाहत्यांनीं त्याला वृंदांतून काढून टाका म्हणून कंपनीच्या दारांत ठिय्या दिला. २०२४ सालीं 'एस्पा' वृंदांतील करीना या तरुणीचें एका नटाशीं असलेलें नातें उघडकीस आलें. कंपनीच्या कार्यालयासमोर निषेधाचे फलक झळकविणारा ट्रक येऊन उभा राहिला, आणि तिला स्वहस्ताक्षरांत चाहत्यांची क्षमा मागावी लागली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत घडलेला प्रकार सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा आहे. 'राइज' या वृंदांतील सुंगहान या तरुणाचीं पदार्पणापूर्वींच्या काळांतील खाजगी छायाचित्रें कोणीं तरी बाहेर फोडल्यामुळें त्याला कित्येक महिने दूर राहावें लागलें होतें. तो परत येणार असें कंपनीनें जाहीर करतांच शेंकडों पुष्पचक्रें तिच्या दारांत येऊन पडलीं, आणि तीं अभिनंदनाचीं नव्हतीं, तर मृताच्या घरीं पाठवितात तशीं होतीं. दोन दिवसांत त्यानें वृंद सोडला. पुढें २०२५ सालीं तो त्याच कंपनीच्या आश्रयानें स्वतंत्र गायक म्हणून लोकांपुढें आला, हें सुदैव. परंतु वीस-एकवीस वर्षांच्या जित्या मुलास अंत्यविधीचीं फुलें पाठविणारीं माणसें कोण होतीं? तीं त्याच वृंदाचीं चाहतीं होतीं. त्यांच्या मतें तीं आपल्या प्रिय वृंदाचें रक्षण करीत होतीं.

या चाहत्यांना वेडीं किंवा दुष्ट म्हणून मोकळें होणें सोपें आहे; पण त्यानें प्रश्न सुटत नाहीं. त्यांची बाजू पुष्कळ बळकट आहे, आणि ती पूर्ण बळानें मांडली पाहिजे. तीं म्हणतात: आम्हीं केवळ गाणें विकत घेतलें नाहीं. आम्हांला जवळीक विकण्यांत आली. ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक संचांत सभासदांपैकीं एखाद्याचेंच छायाचित्र नशिबानें निघतें, म्हणून आम्ही एकच संच दहा वेळां घेतों. कलावंतास मिनिटभर समोरासमोर भेटण्याची संधि सोडतीनें मिळते, आणि जितके संच घ्यावे तितकी ती संधि मिळण्याची आशा अधिक. अशा रीतीनेंच २०२३ सालीं कोरियाच्या विक्रीगणनेंत संचांची संख्या १० कोटींच्या पलीकडे गेली, आणि त्या देशाची लोकसंख्या पांच कोटींच्या थोडीच वर आहे. दरमहा शुल्क भरलें असतां कलावंताचा संदेश जणूं आपल्या एकटीलाच, आपलें नांव घेऊन लिहिला आहे, अशा रूपांत दूरध्वनीवर येतो. 'तुम्हीच माझें सर्वस्व' असें तो रंगमंचावरून सांगतो. आम्हीं पैसे मोजले, रात्रीच्या रात्री जागून त्याचें गाणें वर चढविलें, त्याच्यासाठीं मतें मिळविलीं. त्याचें यश हें अर्धें आमचें श्रम आहे. मग ज्या वचनावर हें सारें उभें राहिलें तें वचन मोडल्यावर जाब विचारण्याचा अधिकार आम्हांला नसावा काय?

या युक्तिवादांत तथ्य आहे, आणि जें तथ्य आहे तें असें कीं, येथें खरोखर कांहीं तरी विकण्यांत आलें. परंतु विकणारा कोण? बाजार मांडणारी कंपनी ही विकणारी आहे. आणि जी वस्तु विकली ती विकण्याचा तिला अधिकार नव्हता. दुसऱ्याचें शेत कोणीं आपल्याला विकलें तर फसवणुकीचा दावा विकणाऱ्यावर लावावा. शेताच्या खऱ्या धन्याला घरांतून बाहेर काढूं नये. चाहत्याची तक्रार खरी असली तरी ती चुकीच्या दारीं जाते. ट्रक कंपनीच्या दारांत उभा राहतो हें खरें. परंतु त्याची मागणी कंपनीनें धंद्याची रीत बदलावी ही नसते, त्या मुलीला शासन करावें ही असते.

यावर असें म्हणतां येईल कीं, कलावंतानेंही या व्यवहारास संमति दिली आणि त्याचा लाभ घेतला. संमति देतांना त्याचें वय काय होतें, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतों. त्यानें प्रौढपणीं, समजून उमजून संमति दिली असें धरून चालूं. तरीही कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्या देतों म्हटल्यानें देतां येत नाहींत. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत दाखवून दिलें आहे कीं, स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचें स्वातंत्र्य हें स्वातंत्र्यच नव्हे, कारण त्या एका कृत्यानें पुढचें सर्व स्वातंत्र्य नष्ट होतें. कोणावर प्रेम करावें, कोणाशीं लग्न करावें, केव्हां रडावें आणि केव्हां थकावें, हीं माणसाच्या जीवितांतलीं अशींच दानें आहेत. त्यांचें गहाणखत होत नाहीं. करारांत लिहिलें तरी तो लेख नीतीच्या न्यायासनापुढें रद्दबातल होय.

राहतां राहिला श्रमांचा मुद्दा. चाहतीनें रात्री जागविल्या हें खरें. परंतु कलावंतानें त्या तिच्याकडे मागितल्या नव्हत्या, आणि न मागतां दिलेल्या देणगीचें ऋण होत नाहीं. उलट पाहिलें तर तिला तिचें मोल त्याच क्षणीं मिळालेलें असतें. तें गाणें ऐकतांना तिचें एकाकीपण हलकें झालें, परीक्षेच्या वाईट दिवसांत तिला धीर आला, देशोदेशींच्या मैत्रिणी मिळाल्या. हें सारें तिच्या पदरांत पडलें आहे आणि तें कोणी काढून घेऊं शकत नाहीं. गाणाऱ्याचें उद्यां लग्न झालें म्हणून काल ऐकलेलें गाणें खोटें ठरत नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्रानें या प्रश्नाचें मर्म फार पूर्वीं ओळखलें होतें. रंगभूमीवर जें दुःख आपण पाहतों तें त्या नटाचें खाजगी दुःख नसतें, आणि आपण जें अनुभवितों तेंही आपलें खाजगी दुःख राहत नाहीं. व्यक्तीचीं बंधनें गळून जाऊन तें सर्वांचें होतें, असें अभिनवगुप्तादि आचार्यांनीं साधारणीकरणाच्या विवेचनांत सांगितलें आहे. हा नट माझा आहे, किंवा हा माझा शत्रु आहे, अशी भावना मनांत शिरली कीं रसास विघ्न झालेंच म्हणून समजावें. सहृदय प्रेक्षक नटाच्या द्वारें रसापर्यंत जातो. जो नटाच्या घराच्या द्वाराशींच अडून बसतो त्याला रस मिळत नाहीं आणि नटाला चैन मिळत नाहीं. कोरियन भाषेंत अशा चाहत्यांस 'सासेंग' म्हणजे खाजगी आयुष्याच्या मागें लागलेले असें नांवच पडलें आहे. ते विमानतळावर, वसतिगृहाबाहेर, रुग्णालयाच्या दारांतही पाठ सोडीत नाहींत.

आतां तो 'आयडॉल' शब्द घेऊं. त्याचा अर्थ मूर्ति. आपल्याकडे मूर्ति घडविल्यावर तिची प्राणप्रतिष्ठा करतात. दगडांत प्राण आणला म्हणजे त्याची पूजा करावयाची. येथें क्रम उलट दिसतो. जितें, श्वास घेणारें, चुकणारें, प्रेमांत पडणारें माणूस आधीं असतें, आणि त्याची मूर्ति व्हावी म्हणून त्याच्यांतला प्राण थोडा थोडा बाहेर काढावा लागतो. मूर्तीला भूक नसते, थकवा नसतो, प्रियकर नसतो. ती सदैव प्रसन्न असते आणि भक्ताकडेच पाहत असते. परंतु माणसाकडून मूर्तिपणाची अपेक्षा करणारा भक्त त्या माणसाच्या प्रत्येक हालचालीला विश्वासघात समजूं लागतो. भक्तीचेही सकाम आणि निष्काम असे भेद आपल्या संतांनीं केले आहेत. नवस बोलावा आणि तो पुरा न झाल्यास देवालाच पाण्यांत कोंडावें, हा सकाम भक्तीचा खालचा थर होय. देवाला त्यानें कांहीं होत नाहीं. येथें पाण्यांत बसावयास माणूस आहे, हा फरक मोठा आहे.

हा फरक किती मोठा आहे हें त्या देशानें दुःखानें अनुभविलें आहे. २००६ सालीं टी. व्ही. एक्स. क्यू.च्या एका सभासदास कोणीं चिकटद्रव्य मिसळलेलें पेय दिलें आणि त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. २००८ च्या जूनमध्यें एका मोठ्या मैफलींत 'गर्ल्स जनरेशन' या नवख्या मुलींचा वृंद गात असतां इतर वृंदांच्या चाहत्यांनीं आपले दिवे एकदम मालवून सुमारें दहा मिनिटें सारें प्रेक्षागृह काळोखांत ठेवलें. कोणीं हात उगारला नाहीं, कोणीं शिवी दिली नाहीं, तरी त्या मुलींना काय वाटलें असेल याची कल्पना करावी. २०१९ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत सुली आणि गू हारा या दोन तरुण कलावतींचा एकामागून एक मृत्यु झाला. दोघींनाही वर्षानुवर्षें अत्यंत क्रूर अभिप्राय सोसावे लागले होते. कोणाच्याही मृत्यूचें एकच कारण बाहेरच्यानें सांगूं नये, आणि आम्हीही सांगत नाहीं. परंतु 'दाउम' या तेथील मोठ्या वृत्तस्थळानें त्याच ऑक्टोबरांत, आणि 'नेव्हर' या त्याहून मोठ्या स्थळानें २०२० च्या मार्चमध्यें, करमणुकीच्या बातम्यांखालीं वाचकांनीं अभिप्राय लिहिण्याची सोयच बंद केली. वाचेला लगाम घालावा लागला याचा अर्थ ती वाचा शस्त्र झाली होती, असाच करावा लागतो.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हें सारें कोरियन लोकांच्याच स्वभावांत आहे, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. सुंगहानच्या वेळीं त्याला परत घ्या म्हणूनही चाहत्यांनींच जोराची चळवळ केली. चेनच्या वेळींही पुष्कळ चाहते त्याच्या पाठीशीं उभे राहिले आणि तो वृंदांत राहिला. ज्या सामुदायिक शक्तीनें पुष्पचक्रें पाठविलीं तीच शक्ति चांगल्या कामीं लागल्याचींही उदाहरणें आहेत. कलावंताच्या कार्यक्रमास फुलांऐवजीं तांदळाचीं पोतीं पाठवून तीं त्याच्या नांवें गरजूंना वांटावयाचीं, ही प्रथा तेथें चाहत्यांनींच रुजविली. २०२० च्या जूनमध्यें बी. टी. एस. आणि त्यांच्या कंपनीनें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या न्यायाच्या चळवळीस दहा लक्ष डॉलर दिले, तेव्हां चाहत्यांनीं सुमारें एका दिवसांतच तेवढीच रक्कम आपापसांत जमवून दिली. शेंकडों संच विकत घेऊन कचऱ्यांत टाकण्याच्या रीतीविरुद्ध आवाज उठविणारी 'केपॉप फॉर प्लॅनेट' ही संघटनाही २०२१ सालीं चाहत्यांमधूनच निघाली. म्हणजे शक्ति एकच. ती कोणीकडे वळते हा प्रश्न.

मग ती योग्य दिशेस वळली कीं नाहीं हें ओळखावें कसें? आम्हांस एक साधी कसोटी सुचते. आपल्या मागणीनें त्या माणसाचें आयुष्य विस्तृत होतें कीं आंखडतें? २००९ च्या सह्यांनीं तीन तरुणांचे पाश सैल केले. २०२४ च्या पुष्पचक्रांनीं एका तरुणाचा मार्ग बंद केला. दोन्ही ठिकाणीं चाहते 'आमचा' हा शब्द वापरीत होते. पहिल्या 'आमचा' मध्यें आपुलकी आहे, दुसऱ्यांत मालकी आहे. शब्द एकच असल्यामुळें बोलणाऱ्यास स्वतःलाही हा भेद पुष्कळदां कळत नाहीं. म्हणूनच त्यानें थांबून स्वतःस विचारावें. जेथें त्या माणसानें दुसऱ्याची हानि केली असेल तेथें ही कसोटी अपुरी पडते, तेथें न्याय पाहावा. परंतु जेथें त्यानें केवळ आपलें आयुष्य जगण्याचा अपराध केला असेल तेथें हिच्याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

ज्याचा मोह भंगला, ज्याला खरोखर दुःख झालें, त्यानें काय करावें? त्याच्या दुःखाची थट्टा करूं नये, कारण एकतर्फी प्रेमांतलें दुःखही दुःखच असतें. त्याच्याकडे एक अधिकार निश्चित आहे, आणि तो पुरेसा आहे: निघून जाण्याचा. चित्र भिंतीवरून काढावें, गाणें ऐकूं नये, पैसे देऊं नयेत. आपलें मन आपलें आहे; तें ज्याला दिलें त्याच्याकडून केव्हांही परत घ्यावें. परंतु आपण निघून जाणें निराळें, आणि दुसऱ्यास हांकलून देणें निराळें. पहिल्यांत आपलेंच कांहीं आपण परत घेतों. दुसऱ्यांत जें आपलें कधींच नव्हतें तें हिसकावून घेतों.

घरांतील वडीलधाऱ्यांना शेवटीं एक सांगावेंसें वाटतें. मुलीच्या भिंतीवरील चित्राला हंसून तिला हा धडा शिकवितां येणार नाहीं. तिच्या वादांत थोडा रस घ्यावा. कोणाचा स्वर बरा, कोणाचें पाऊल चुकतें, हें तिच्याकडून समजून घ्यावें, आणि बोलतां बोलतां तिला विचारावें कीं, तो मुलगा उद्यां आपल्या आवडीच्या मुलीशीं लग्न करूं लागला तर तुला आनंद होईल कीं राग येईल? तिनें विचार करून दिलेलें उत्तर तिला पुढें मित्रमैत्रिणींच्या, पतीच्या आणि स्वतःच्या मुलांच्या बाबतींतही उपयोगीं पडेल. आणि तिनें उलट विचारलें कीं, माझें लग्न ठरवितांना तुम्हीही याच कसोटीनें चालाल ना, तर वडीलधाऱ्यांनींही उत्तर देण्याची तयारी ठेवावी. ज्याच्यावर प्रेम केलें तो आपल्यावांचून, आपल्या डोळ्यांआड, आपल्या इच्छेबाहेर सुखी असूं शकतो, हें सहन करावयास शिकणें हा प्रेमाच्या शिक्षणांतला सर्वांत कठीण पाठ आहे. आणि तो कोणत्या वयांत, कोणाच्या निमित्तानें शिकला, याला फारसें महत्त्व नाहीं.